फाटक उघडं ठेवा

परवा रविवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका मैदानावर रग्बीचा चेंडू घेऊन गेलो. चार नंबरचा चेंडू, दहा ते चौदा वर्षांच्या लेकरांच्या हातात मावेल असा. मैदानावर क्रिकेटचे तीन सामने एकमेकांत घुसून चालले होते आणि नंबर न लागलेली पंधरा-सोळा पोरं भिंतीच्या सावलीत बसली होती. एकानं चेंडू हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "काका, ह्याच्यावर कुणी बसलं होतं का?"

म्हटलं, असाच असतो, टाकून बघ. त्यानं आपटला. पहिल्या टप्प्याला चेंडू सरळ वर आला, दुसऱ्याला डावीकडे पळाला आणि तिसऱ्याला त्याच्याच नडगीवर बसला. सगळी पोरं हसली आणि हसता हसता उठून उभी राहिली.

घरून एक जुनी ओढणी फाडून पट्ट्या करून नेल्या होत्या. प्रत्येकानं कमरेला दोन्ही बाजूंना एकेक पट्टी खोचायची. नियम दोनच सांगितले. चेंडू घेऊन पुढे पळा, पण सोबत्याला द्यायचा तर मागेच द्या. आणि कुणी तुमची पट्टी ओढली की थांबा, चेंडू दुसऱ्याकडे द्या. धक्का नाही, पाडापाडी नाही. याला टॅग रग्बी म्हणतात. जगात बहुतेक ठिकाणी लहान मुलांची सुरुवात अशाच प्रकारानं होते.

पहिली दहा मिनिटं नुसती शिट्टी वाजत होती. सगळ्यांचे हात पुढे फेकायला सरावलेले. मग एक काटकुळा पोरगा पळता पळता थबकला, मान वळवली आणि ओरडला, "अरे, मागं कोन हाय का?" तिथून खेळ सुरू झाला. पुढे जायचं असेल तर मागचा माणूस जागेवर पाहिजे, ही रग्बीची सगळी गंमत त्यानं एका हाकेत पकडली होती.

तेवढ्यात भावाला नाश्त्याला बोलवायला एक मुलगी आली. असेल बारा वर्षांची. मी तिच्याकडे पाहिलं तर भावानं परस्पर सांगून टाकलं, "ती नाही खेळत." मी तिच्या हातात दोन पट्ट्या दिल्या. तिनं चप्पल काढून कडेला ठेवली. चार वेळा चेंडू तिच्याकडे आला आणि चारही वेळा ती रेषेपार गेली. भावाला तिची पट्टी एकदाही सापडली नाही. जाताना तिनं विचारलं, "काका, पुढच्या रविवारी आहे का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचं सदर त्या उत्तरासाठी आहे.

छत्रपती संभाजीनगरात रग्बीचे क्लब हवेत. एक नको, पाच-सहा हवेत, म्हणजे त्यांना आपसात खेळता येईल. क्लब म्हटलं की आपल्याकडे पत्त्यांचा अड्डा आठवतो, नाहीतर श्रीमंतांची हिरवळ. मी म्हणतोय तो क्लब म्हणजे ठरलेलं मैदान, ठरलेला वार, पाऊस असो की परीक्षा असो हमखास येणारा एक माणूस, आणि एक वही, जिच्यात येईल त्या लेकराचं नाव लिहिलं जातं. याहून जास्त काही लागत नाही. पण याहून कमी चालत नाही, आणि आपण कायम याहून कमीच देत आलो आहोत.

"इंग्रजांचा खेळ आपल्याला कशाला?" हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. तिघेही रात्री उशिरापर्यंत आयपीएल बघणारे. असो. पण इंग्रजांचाच विषय निघाला आहे तर कोलकात्याची गोष्ट ऐका. १८७२ च्या नाताळात तिथे रग्बीचा सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे वीस, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. पाठोपाठ क्लब निघाला, कलकत्ता फुटबॉल क्लब. पाच-सहा वर्षांत तो ओसरला. पलटण बदलून गेली, उरलेल्या साहेबांना पोलो आणि टेनिस जास्त गोड लागू लागलं. १८७८ मध्ये क्लब बंद करताना त्यांनी बँकेतले चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले आणि त्याचा चषक घडवला. त्याचे कान नागाचे आहेत आणि झाकणावर हत्ती बसला आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्या कलकत्ता कपसाठी खेळतात, आजही.

माझं मन त्या चषकापेक्षा त्या क्लबात जास्त अडकतं. एवढ्या मोठ्या शहरात तो सहा वर्षांत संपला, कारण शहरातलं एकही पोर त्यात नव्हतं. साहेब गेले आणि चेंडूही गेला. ज्या संघाला गल्लीतून पोरं मिळत नाहीत तो संघ बदल्यांवर जगतो. आपल्याकडच्या बऱ्याच खेळांचं आजही तेच आहे. एखादा उत्साही क्रीडाशिक्षक असतो तोवर शाळा जिंकते, त्याची बदली झाली की मैदानावर गवत वाढतं.

आता मुंबईची गोष्ट, आणि ही मला जास्त जवळची आहे. बॉम्बे जिमखाना १८७५ चा. एके काळी तिथे फक्त युरोपियनांना प्रवेश. भारतातल्या रग्बीचं ते जुनं घर. जिमखान्याच्या समोर महात्मा गांधी रस्त्याच्या फुटपाथवर फॅशन स्ट्रीटची दुकानं, आणि त्याच फुटपाथवर राहणारी पोरं. नव्वदच्या दशकात ही पोरं कुंपणाच्या कडेला उभी राहून आतला रग्बीचा सराव बघायची. आत खेळणाऱ्यांत मॅथ्यू स्पेसी नावाचा एक इंग्रज होता. पर्यटन कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, भारताच्या संघातूनही रग्बी खेळलेला. त्यानं त्या पोरांना आत बोलावलं.

त्यानं देणगी दिली नाही, भाषण केलं नाही. या, खेळा, म्हणाला. पोरं यायला लागली, नियमित यायला लागली, आणि काही महिन्यांत त्यांचं वागणं, एकमेकांशी बोलणं बदलताना त्याला दिसलं. त्यातूनच १९९९ मध्ये 'मॅजिक बस' ही संस्था उभी राहिली, जी खेळातून मुलांना शिक्षणाकडे आणि पुढे कामधंद्याकडे नेते. आज तिचं काम देशभर पसरलेलं आहे.

मी या गोष्टीत एकाच ठिकाणी थांबतो, त्या कुंपणापाशी. पोरं आधीपासून तिथेच होती. त्यांना खेळाची आवड 'लावावी' लागली नाही, ती रोज येऊन उभी राहत होती. कमी होतं ते आतून हाक मारणारं माणूस. आपल्याकडे शिबिरांच्या उद्घाटनात "मुलांमध्ये खेळाची आवड निर्माण करण्याची गरज आहे" हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं, त्यांना मी सिडकोच्या त्या भिंतीच्या सावलीत नेऊन बसवीन. आवड तिथे पंधरा-सोळाच्या संख्येनं बसलेली आहे. नंबर लागण्याची वाट बघते आहे.

या शहराचं एक दुःख आहे, ते वर्षानुवर्षं उगाळलं जातं. क्रीडा विद्यापीठ आपल्याला मिळणार होतं, करोडीला होणार होतं, ते पुण्याला बालेवाडीला गेलं. अन्याय झाला, हे मीही म्हणतो. मराठवाड्याच्या वाट्याचं शेवटच्या क्षणी उचलून नेण्याची राज्याची सवय जुनी आहे. पण विद्यापीठ गेलं म्हणून मोर्चा काढणाऱ्यांनी आपल्या कॉलनीतलं मैदान कुठे गेलं याची चौकशी केली का? आपल्या मैदानांवर लग्नाचे मांडव पडतात, गृहोपयोगी वस्तूंची प्रदर्शनं भरतात, सभा होतात. खडकेश्वरचं मराठवाडा सांस्कृतिक मंडळाचं मैदान अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, ते सभांमुळे. २०२२ मध्ये सव्वा महिन्याच्या आत तिथे दोन ठाकरेंच्या दोन सभा झाल्या आणि कुणाच्या सभेला गर्दी जास्त, यावर शहर महिनाभर भांडलं. सभा जरूर व्हाव्यात. पण मांडवाचे खांब उपटल्यावर जे खड्डे राहतात ते बुजवायचे कुणी? संध्याकाळी तिथेच पळणारं पोर त्याच खड्ड्यात पाय मुरगाळून घेतं.

मराठवाड्याच्या पोरांमध्ये दम नाही, असं तर कुणी म्हणू नये. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रीय विक्रम त्यानं पुन्हा पुन्हा मोडला आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सोनं आणलं. हा पोरगा एवढा मोठा धावपटू होईल, हे गावात असताना किती जणांनी ओळखलं? बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, सियाचीनला राहून आला, आणि मग सैन्याच्या शर्यतींत तो पळतो कसा हे लोकांच्या लक्षात आलं. आपलं सर्वांत वेगवान पोर शोधायला आपल्याला पलटण लागली. जे भरती झाले नाहीत, ते किती जण असेच हातातून गेले, याचा हिशेब कुठल्याही कार्यालयात नाही.

रग्बी शाळांत नाही का? आहे. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत आहे. जिल्ह्याची स्पर्धा होते, विभागाची होते, राज्याची होते. पण अनेक शाळांत संघ कसा होतो ते मी पाहिलं आहे. स्पर्धेच्या आठ दिवस आधी नोटीस लागते, कबड्डीतले चार, फुटबॉलमधले चार, दोन उंच म्हणून घेतलेले, की झाला संघ. चेंडू स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा दिसतो. कमी संघ आले की दोन सामन्यांत विभाग गाठता येतो आणि प्रमाणपत्र मिळतं. मग दहावी-बारावीला सवलतीचे गुण, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. पालकही येऊन हळूच विचारतात, "सर, कोणत्या खेळात कमी टीमा असतात?"

हे मला आतून लागतं. गुण आणि आरक्षण ही खऱ्या खेळाडूची हक्काची कमाई आहे. गरिबाघरच्या पोरानं पाच वर्षं मैदानावर घाम गाळला तर त्याच्या घरात एक नोकरी आली पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण प्रमाणपत्रासाठी खेळ निवडला की खेळाची वाट लागते. याच राज्यात ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या लाटल्याचं प्रकरण बाहेर आलं, ते विसरू नका. नवा खेळ आला की त्याच्याकडे सगळ्यात आधी पोहोचतो तो कागद विकणारा. रग्बी त्याच्या हाती पडण्याआधी पोरांच्या हाती पडायला हवी, आणि ते काम शाळेच्या आठ दिवसांत होणार नाही. आठवड्यातून दोनदा, वर्षातले दहा महिने, असं चार वर्षं भेटणारा संघच ते करू शकतो. क्लबचा संघ. तिथे निवड नसते. जाड पोरगा येतो, बुटका येतो, दहावी नापास झालेला येतो, आणि रग्बीत या सगळ्यांना जागा आहे. सातच्या खेळातही कुणी रेटणारा लागतो, कुणी पळणारा, कुणी नुसता डोकं शांत ठेवणारा.

सातच्या खेळाचं सांगायचं राहिलं. पंधरा जणांची रग्बी मोठी, जडशीळ. आपल्याला सुरुवातीला ती नको. सात-सात जणांची घ्या. सात मिनिटांचा एक डाव, असे दोन डाव. चहा निवेपर्यंत सामना आटोपतो. २०१६ पासून ही ऑलिंपिकमध्ये आहे. त्या पहिल्याच वर्षी रिओमध्ये फिजीनं अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४३-७ असं लोळवलं. फिजीच्या इतिहासातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक, आणि तेही सोन्याचं. त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या आपल्या शहरापेक्षा कमी आहे.

आणि पकड आपल्याला कुणी शिकवायची? आपण कबड्डीवाले. घोटा कसा धरायचा, मांडीला कसं बिलगायचं, साखळी करून चढाईवाल्याला कसं कोंडायचं, हे इथल्या पोरांना गल्लीत येतं. फरक आहे तो सांगतो. कबड्डीत डॅश चालतो, खांद्यानं उडवून रेषेबाहेर टाकता येतं. रग्बीत हात न गुंडाळता नुसता खांदा मारला तर शिट्टी, आणि खांद्याच्या वर हात गेला तर पेनल्टी, धोकादायक असेल तर कार्डही. म्हणजे आपल्या पोराला रग्बीत थोडं जास्त सभ्य व्हावं लागेल. पाडलेल्या गड्याला लगेच सोडायचं. पडलेल्यानंही चेंडू लगेच सोडायचा. पंचाशी फक्त कर्णधार बोलणार, आणि 'सर' म्हणून बोलणार. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटचा रोजचा अर्धा तास 'आउट होता की नव्हता' यात जातो, त्या पोरांना ही शिस्त किती परकी वाटेल आणि किती उपयोगी पडेल, हे वेगळं सांगत नाही.

आईचा प्रश्न मात्र खरा आहे. "अहो, डोक्याला लागलं तर?" लागू शकतं. रग्बी हा अंगावर येणारा खेळ आहे आणि जो प्रशिक्षक "काही होत नाही ताई" म्हणतो त्याच्याकडे लेकरू पाठवू नका. जो पुढचं सांगतो त्याच्याकडे पाठवा. लहान पोरांना आधी फक्त पट्टीचा खेळ. पाडायला शिकवायचं ते आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग हळू पळत. आपलं डोकं समोरच्याच्या मांडीच्या मागच्या बाजूला गेलं पाहिजे, गुडघ्यासमोर कधीच नाही. पाठ सरळ, नजर वर, हात घट्ट गुंडाळलेले. दातांवर माउथगार्ड. आणि डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी गडी बाहेर. त्या दिवशी पुन्हा आत यायचं नाही, मग तो कितीही रडो, सामना कितीही अटीतटीचा असो, आणि पुढे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सरावही नाही. जागतिक रग्बी संघटनेचा हा नियम आहे. हे क्लबच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पालकांची सही घ्या.

दुसरी अडचण जमिनीची. मुरूम आणि खडीच्या मैदानावर पोराला पाडायला शिकवणं म्हणजे गुन्हा आहे. आणि आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या शहरात हिरवळ कुठून आणणार? यावर उपाय आहे आणि तो आपल्या आजोबांनी करून ठेवला आहे. तालीम. आखाड्यातली लाल माती, चाळलेली, ताक-तेल-हळद-लिंबू घालून मुरवलेली, रोज खोऱ्यानं उकरलेली. तिच्यावर पडलं तर हाड दुखत नाही, आणि पडावं कसं हे शिकवायला वस्ताद तिथे हजर असतोच. जुन्या शहरातल्या तालमींमध्ये पैलवान कमी झालेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ रग्बीच्या पोरांना द्यावी. जुलै-ऑगस्टात पाऊस पडून मैदानं मऊ झाली की बाहेर पाडापाडीचा खेळ घ्या. उन्हाळ्यात सकाळी सहाला फक्त पट्टीचा, आणि आठच्या आत लेकरं घरी.

मुलींबद्दल वेगळं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहितो, कारण या खेळात आपल्या देशात पुढे गेल्यात त्या मुलीच. जून २०१९, मनिला. भारताच्या मुलींनी पंधरा जणींच्या रग्बीत सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. हा त्यांचा या प्रकारातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय. अगदी शेवटी पेनल्टी किक मारून तो सामना फिरवणारी सुमित्रा नायक ओडिशाची, भुवनेश्वरच्या आदिवासी मुलांच्या 'किस' या शाळेत खेळ शिकलेली. संघाचं नेतृत्व केलेली वाहबिज भरुचा आपल्या पुण्याची, पेशानं फिजिओथेरपिस्ट. बिहारच्या बाढची स्वीटी कुमारी आधी शाळेच्या शर्यतींत पळायची, नंतर रग्बीत आली आणि आशियातली सर्वांत वेगवान खेळाडू म्हणून नावाजली गेली. उत्तर बंगालात सरस्वतीपूर नावाचा चहाचा मळा आहे. तिथल्या मजुरांच्या मुलींना 'खेलो रग्बी'च्या लोकांनी चेंडू दिला, आणि त्यांतल्या काही जणी भारताचा शर्ट घालून खेळल्या. 'खेलो रग्बी' हे कोलकात्याच्या जंगल क्रोज या क्लबचं काम, आणि तो क्लब २००४ मध्ये पॉल वॉल्श या माजी ब्रिटिश राजनैतिक अधिकाऱ्यानं पोरांना घेऊन उभा केला. त्याच शहरात, जिथला साहेबांचा क्लब सहा वर्षांत संपला होता. या वेळी पोरं आत होती, म्हणून तो टिकला.

आता पैशांचंही बोलू. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, परदेशी खेळाडू, दिवे, टीव्ही. चेन्नईनं दिल्लीला अंतिम सामन्यात हरवलं. चांगलं झालं, हा खेळ लोकांना दिसला तरी. पण फोनवर सामना बघून ज्या पोराच्या पायात सळसळ झाली, त्यानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठे जायचं? मुकुंदवाडीतल्या पोरानं, किराडपुऱ्यातल्या पोरानं, वाळूजला कंपनीत पाळीवर जाणाऱ्या बापाच्या पोरानं? लीगला कोट्यवधी लागतात. या पोरांना तीस जणांत दोन चेंडू आणि जुन्या ओढण्या लागतात. क्रिकेटची एक बरी बॅट जेवढ्याला येते तेवढ्यात एका संघाचं वर्षाचं सामान निघतं.

किराडपुरा, मुकुंदवाडी ही नावं मी मुद्दाम एका ओळीत घेतली. हे शहर आपल्या पोरांना गल्ल्यांप्रमाणे, आडनावांप्रमाणे वेगळं ठेवत आलेलं आहे. कुठल्या रस्त्यानं संध्याकाळनंतर जायचं नाही, हे इथल्या लेकराला पाढ्यांच्या आधी कळतं. रग्बीत स्क्रम नावाचा प्रकार आहे. सातच्या खेळात दोन्ही बाजूंचे तीन-तीन गडी खांद्याला खांदा गुंफून, खाली वाकून, समोरच्या तिघांच्या मधल्या फटीत डोकी घालतात आणि रेटतात. तुमच्या डाव्या-उजव्या गड्याची पकड सैल पडली तर तुमची मान जाते. शेजारचा कुठल्या मोहल्ल्यातला आहे, हे त्या क्षणी कुणालाही आठवत नाही. आठवते फक्त त्याची पकड. म्हणून माझी अट आहे. क्लब मोहल्ल्याचा असेल, पण संघ मिसळलेले असतील. आमखास मैदानावर वर्षानुवर्षं फुटबॉल खेळणारी चपळ पोरं आणि गारखेड्याची कबड्डीची दणकट पोरं एका संघात आली, तर तो संघ मला बघायचा आहे.

रग्बीत सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र बसून जेवतात. त्याला तिसरा डाव म्हणतात आणि तो चुकवायचा नसतो. त्याआधी दोन रांगा करून संघ एकमेकांना टाळ्या वाजवत मधून नेतात. आपल्याकडे तिसऱ्या डावाला काय कमी आहे? पोहे आहेत, इमरती आहे, आणि कुणाच्या तरी अब्बूंनी मनावर घेतलं तर नान खलियाही होईल. ज्याला खायचं नसेल त्यानं नुसता चहा घ्यावा, पण बसावं शेजारीच.

मागणं कुणाकडे, तेही स्पष्ट सांगतो. गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल जनतेच्या पैशानं झालेलं आहे. तिथल्या मैदानाचा एक कोपरा आठवड्यातून दोन संध्याकाळ बिनपैशानं पोरांना मिळावा, शिफारशीच्या चिठ्ठीशिवाय. विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, म्हणजे साईचं केंद्र आहे, तिथल्या प्रशिक्षकांनी महिन्यातून एक रविवार मोहल्ल्यांतल्या तरुणांना शिकवायला द्यावा. शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारी कितीतरी मुलं-मुली या शहरात आहेत. नोकरीची वाट बघत बसण्यापेक्षा त्यांनी एकेक गल्ली घ्यावी. गणेश मंडळांनी, उरुसाच्या कमिट्यांनी वर्गणीतून दोन चेंडू घ्यावेत. महापालिकेनं मांडव निघाल्यावर खड्डे बुजवल्याशिवाय कंत्राटदाराची अनामत परत देऊ नये. यातल्या कशालाही मंत्रालयात जावं लागत नाही.

आणि ज्या मैदानांना फाटक आहे आणि फाटकाला कुलूप आहे, त्यांच्या विश्वस्तांना हात जोडून सांगतो. पोरं बाहेर उभी आहेत. ती भिंतीवरून उड्या मारून आत येतात तेव्हा तुम्ही पहारेकरी ठेवता. त्याऐवजी संध्याकाळी पाच ते सात कुलूप काढून ठेवा. पहारेकऱ्याच्या हातात शिट्टी द्या.

मी येत्या रविवारी सकाळी साडेसहाला सिडकोच्या त्याच मैदानावर असेन. चेंडू माझ्याकडे एकच आहे. ज्यांच्या घरी जुनी ओढणी असेल त्यांनी ती घेऊन यावी, आणि घरात मुलगी असेल तर तिलाही.